बारीक थरथर

सोमवारी सकाळी साडेदहाच्या सुमाराला माझ्या सुरीवरून मेणाचा एक थेंब चुकीच्या दातावर पडला. झालं ते एवढंच. मी कवळ्या करते. शहरातले पाच-सहा दंतवैद्य तोंडाचं माप घेतात आणि प्लॅस्टरचे साचे आमच्याकडे पाठवतात. त्या साच्यांवर मी गुलाबी मेणाच्या हिरड्या रचते, त्यांत एकेक दात बसवते. मालक मेणाच्या जागी पक्का माल भरून तो शिजवतात आणि पॉलिशवाला चाकावर घासून ते सगळं माणसाच्या तोंडात जायच्या लायकीचं करतो. असा पडलेला थेंब खरवडून काढायला अर्धं मिनिट लागतं, आणि बावीस वर्षांत थेंब काय पडले नसतील? पण या खेपेला मी सुरी पुन्हा दिव्यावर धरली तेव्हा ज्योतीच्या शेजारी तिचं टोक बारीक बारीक हलताना दिसलं. मला दिसलं तसं पॉलिशवाल्यालाही दिसलं. त्यानं चाक थांबवलं. "काय बाई," तो म्हणाला, "कालची उतरली नाही वाटतं अजून?" मालक हसले. मीही हसले. कवळ्या करणाऱ्या बाईला दात दाखवायला कितीसा वेळ लागतो.

पॉलिशवाला वाईट माणूस नाही. आम्ही दोघं एकाच वर्षी कामाला लागलो, तो मला आजवर कधी वावगं बोललेला नाही. पण त्या दिवशी मी डबा उघडला आणि तसाच ठेवला. मी डावा हात टेबलाखाली ठेवला, उजवा मांडीवर दाबून धरला आणि विचार करत राहिले, की ही थरथर किती दिवसांची आहे? कपात साखर ढवळताना चमचा वाजतो, तो कधीपासून? सुईत दोरा ओवायला मी लेकीला हाक मारते ती डोळ्यांसाठी, असं सांगते. ते खरं आहे का? थरथरीचं कारण मला ठाऊक होतं. कामावर कुणाला ते ठाऊक नव्हतं. आठ वर्षांपूर्वी मी चार महिने रजेवर होते तेव्हा नवऱ्यानं मालकांना टायफॉइड सांगितला होता, आणि टायफॉइडनंतर माणूस जरा गप्प होतो हे सगळ्यांनी मान्य करून टाकलं होतं. तो टायफॉइड नव्हता. डॉक्टरीणबाईंनी त्याला द्विध्रुवी आजार म्हटलं, मग आमचे चेहरे बघून सोपं करून सांगितलं: मन काही दिवस आवरता येणार नाही इतकं वर चढतं, आणि मग तितकंच खाली बसतं; दोन्हीकडून त्याला धरून ठेवायचं तर रोज गोळ्या, ठरावीक झोप, दर तीन महिन्यांनी रक्ताची तपासणी. लिथियमच्या दोन पांढऱ्या गोळ्या, जेवणानंतर. त्या गोळ्यांनी काहींचा हात किंचित थरथरतो, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं. मी मान हलवली होती. तेव्हा मी इतकी खाली होते, की हात कापून ठेवा म्हणाल्या असत्या तरी मान हलवली असती. दात हाच ज्या बाईचा धंदा, तिनं तेव्हा नऊ दिवस दात घासले नव्हते. ब्रशला पेस्ट लावायची आणि तोंडापर्यंत न्यायचा, यात किती पायऱ्या असतात ते मला त्या नऊ दिवसांत कळलं.

पण टेबलाखाली हात दाबून बसले होते तेव्हा मला ते नऊ दिवस आठवले नाहीत. मला आठवले त्याच्या आधीचे. त्या दिवसांत मी एका म्हाताऱ्या बाईंची कवळी केली होती. साच्याबरोबर त्यांच्या लग्नातला फोटो आला होता, आणि मी त्या फोटोतले दात जसेच्या तसे उभे केले, एक किंचित वळलेला, एक दुसऱ्याच्या खांद्यावर कललेला. बाई दवाखान्यात आरसा धरून रडल्या, म्हणाल्या, मी परत मला भेटले. दंतवैद्यानं मुद्दाम फोन करून सांगितलं. त्यानंतर मी शेकड्यांनी कवळ्या केल्या. सगळ्या बऱ्या होत्या, चावायच्या, बोलायच्या. रडलं कुणी नाही. म्हणजे, मला वाटलं, माझ्या हातातलं जे अस्सल होतं ते त्या दोन गोळ्या रोज रात्रीच्या जेवणानंतर थोडंथोडं विरघळवून टाकत होत्या, आणि आता तर हातसुद्धा. चणे मिळाले आणि दात गेले म्हणतात, तसं. त्याच दिवशी जेवणानंतर मी एक गोळी गिळली आणि दुसरी बेसिनमध्ये सोडली. गोळ्यांच्या डबीतला सोमवारचा खण रिकामा झाला. नवरा भांडी विसळताना सवयीनं त्या खणाकडे बघतो, तसं त्यानं बघितलं आणि फडकं वाळत टाकलं.

पहिल्या आठवड्यात काही झालं नाही. दुसऱ्या आठवड्यात चमचा वाजेनासा झाला. मी मुद्दाम भरलेला कप बशीवर ठेवून खिडकीपर्यंत चालत गेले, एक थेंब सांडला नाही. मग सकाळ लवकर उजाडायला लागली. पाचला, मग साडेचारला. उठून मी स्वयंपाकघराची फडताळं उतरवून पुसली, शाळेचे कपडे इस्त्री केले, लेकीच्या पुस्तकांना नवी वेष्टणं घातली, आणि सात वाजता कामावर जाणाऱ्या माणसासारखी नाही, तर सुट्टीत विश्रांती घेऊन आलेल्या माणसासारखी ताजीतवानी होते. कामावर मेणाचा गुलाबी रंग एक राहिला नाही. ओठाजवळचा गुलाबी वेगळा, दाढेजवळचा वेगळा, आणि मधल्या छटा मला डोळे मिटूनही दिसायच्या. त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या क्लॅरिनेटवादकाचा साचा आला. चिठ्ठीवर दंतवैद्यानं लिहिलं होतं, चाळीस वर्षं वाजवतात, दात गेल्यापासून वाजवलेलं नाही, जरा मनावर घ्या. मनावर घ्या! मी तर त्याला मनात घेतला. माणसं मला नेहमी फक्त तोंडाच्या आतून ठाऊक असतात. पण या माणसाचं सगळं मला दिसत होतं, तो उभा कसा राहतो, श्वास कुठून घेतो. आठ दिवसांचं काम मी तीन दिवसांत उरकलं. पॉलिशवाला कवळी हातात फिरवत म्हणाला, "बाई, हे तोंडात घालायचं का शोकेसमध्ये ठेवायचं?" हात दगडासारखा स्थिर होता, आणि मी गुणगुणत होते.

एकोणिसाव्या दिवशी लेकीनं विचारलं. तिला आम्ही ससा म्हणतो; पुढचे दोन दात आले तेव्हापासूनचं ते नाव, आता पंधरा वर्षांची झाली तरी सुटलेलं नाही. ती टेबलाशी बसून पावाला लोणी लावत होती. मी तिला सांगत होते, आज पोहण्याच्या तलावावर मीच घ्यायला येते, मग आपण दोघी कुठेतरी जाऊ, नदीच्या पलीकडे, तुला हवं तिकडे, बाबाला सांगायचंच नाही. ती लोणी लावायची थांबली. "आई, गोळ्या कमी केल्यास का?" मी म्हणाले, "काय पण विचारतेस! आई जरा आनंदात दिसली की लगेच गोळ्या?" माझा आवाज मला हवा होता त्यापेक्षा वर गेला होता. तिनं सुरी खाली ठेवली. उठली, कपाटाशी गेली आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या कागदाकडे बघत उभी राहिली. तो कागद दवाखान्यातून आल्यावर डॉक्टरीणबाईंनी आमच्याकडून लिहून घेतलेला. वर चढायच्या आधी काय काय होतं, ते घरातल्या प्रत्येकानं आपल्या शब्दांत लिहायचं होतं. मी लिहिलं आहे, झोप कमी, थकवा नाही. नवऱ्यानं लिहिलं आहे, बोलताना दुसऱ्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही. आणि खाली पेन्सिलीनं, सात वर्षांच्या मुलीच्या मोठ्या मोठ्या अक्षरांत, आई खूप छान वागते. इतकी वर्षं मी त्या कपाटातून साड्या, टॉवेल, चादरी काढत आले. ती ओळ मला गोड वाटायची. मुलीनं प्रश्न समजून न घेता आईचं कौतुक लिहून ठेवलंय, असं मला वाटत होतं. "तलावावर बाबा येईल," ससा दप्तर उचलत म्हणाली. "तू नको येऊस. प्लीज."

कामावर जाताना बसमध्ये बसायला जागा होती, पण मला बसवेना. दांडा धरून मी उभी राहिले आणि ते दिवस, ज्यांच्याकडे मी कवळीवाल्या बाईंच्या अश्रूंच्या बाजूनंच बघत आले होते, ते दुसऱ्या बाजूनं समोर आले. त्याच आठवड्यात, ती कवळी केल्यानंतर दोन दिवसांनी, मी भर दुपारी ससाला शाळेतून काढून आणलं होतं. शिक्षिकेला सांगितलं, घरी महत्त्वाचं काम आहे. बसस्थानकावर तिला एका बाकावर बसवलं, म्हणाले, दोन मिनिटांत आले. आणि गेले. मला बोलावणाऱ्या इतक्या गोष्टी होत्या, दुकानांच्या पाट्या, रस्त्यावरची तोंडं, प्रत्येकाचे दात. चार तासांनी नवऱ्याला स्थानकावरून फोन आला. तिकीट खिडकीवरच्या बाई आपली पाळी संपल्यावरही घरी न जाता तिच्याशेजारी बसून राहिल्या होत्या. ससा बाकावरून हलली नव्हती, आई म्हणाली होती ना दोन मिनिटं. लघवीलासुद्धा उठली नव्हती. हे मला नंतर सांगितलं गेलं, दवाखान्यात, थोडंथोडं करून. मी ते ऐकलं होतं, रडले होते, माफी मागितली होती. पण माफी मागून झाल्यावर मी ते दिवस दोन कप्प्यांत ठेवले होते. कवळी माझी, आणि बाक आजाराचा. बसमध्ये उभी असताना मला पहिल्यांदा कळलं की तो एकच आठवडा होता. आताचे हे एकोणीस दिवसही तसे दोन कप्प्यांत ठेवता येणार नव्हते. बस माझ्या थांब्यावर थांबली. क्षणभर मला इतकं जोरात वाटलं की उतरू नये, अशीच शेवटच्या थांब्यापर्यंत जावं, तिथून पुढे चालत जावं, किती छान दिवस आहे! मग मी उतरले. कामाच्या जागेच्या जिन्यात, पहिल्या वळणावर, मी दवाखान्याला फोन लावला. "आज साडेपाचला या," तिथली बाई म्हणाली. "बरोबर कुणी येईल?" मी म्हणाले, नवरा येईल, आणि मग नवऱ्याला फोन केला. "मला शंका आली होती," तो म्हणाला. "दोनदा विचारणार होतो. पण तू इतकी खुशीत होतीस गं. मलाच ते बरं वाटत होतं. चूक झाली." तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं.

डॉक्टरीणबाई आता साठीच्या पुढे गेल्या आहेत आणि चष्मा डोक्यावर ठेवून तो शोधतात. त्यांनी विचारलं, "किती दिवस?" मी म्हणाले, "एकोणीस." "झोप?" "चार तास. पण छान लागते." "छान लागते," असं म्हणत त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. मग पेन ठेवलं. "हात थरथरतो हे मला का नाही सांगितलंत?" मी म्हणाले, "दर वेळी तुम्ही विचारता, काही त्रास? मला वाटायचं, त्रास म्हणजे काहीतरी मोठं." "अहो, तुमचं पोट हातावर आहे. तुमच्यासाठी याहून मोठं काय असणार?" त्यावर मला एकदम रडू आलं, आणि पाठोपाठ हसू, आणि दोन्ही थांबेना, नवऱ्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. त्या शांतपणे बोलत राहिल्या. थरथर कमी करायला बरेच उपाय आहेत. आधी रक्तातली पातळी बघू, थायरॉइड बघू. गोळीचा प्रकार बदलता येतो, थरथरीवर वेगळी छोटी गोळीही असते. चहा किती? सहा-सात कप. "तो हळूहळू तीनवर आणा. एकदम सोडू नका हं, एकदम सोडला तर लिथियम रक्तात चढतं. आणि एक. गोळी कमी करायची वेळ आली तर आपण दोघी मिळून करू, बघत बघत. बेसिनच्या सल्ल्यानं नाही." मी विचारलं, "हात पहिल्यासारखा होईल?" त्यांनी डोक्यावरचा चष्मा शोधून काढला, डोळ्यांवर लावला आणि माझ्याकडे बघितलं. "कदाचित अगदी तसा नाही होणार. बराचसा होईल." त्या खोटं बोलल्या नाहीत म्हणून मी त्यांच्या पुढच्या सगळ्या गोष्टी ऐकल्या. पुन्हा दोन्ही गोळ्या, दहा दिवसांची रजा, झोपेसाठी थोड्या दिवसांचं औषध, दर दोन दिवसांनी फोन. घरी मी चादर डोक्यावर घेऊन पडून असायचे आणि आतलं ते चाक हळूहळू मंद होताना ऐकायचे. शेवटी शेवटी वाईटही वाटलं. रंग जात होते. मेण पुन्हा एकाच गुलाबी रंगाचं होणार होतं.

परत गेले त्या दिवशी टेबलावर क्लॅरिनेटवादकाची कवळी माझी वाट बघत होती. दंतवैद्याची चिठ्ठी अशी: पेशंट म्हणतात दिसते फारच सुंदर, पण चावताना गालाला टोचते आणि वाद्य तोंडात धरलं की सुटते. मी ती साच्यावर ठेवून बघितली. कुठल्याही शिकाऊ मुलीला दिसलं असतं. वरचे पुढचे दात मी हसण्यासाठी इतके पुढे आणले होते की ओठांना काही धरायला जागाच नव्हती. मी त्याचा श्वास ऐकला होता म्हणे, उभं राहणं बघितलं होतं. वाद्य तोंडात कसं धरतो एवढं एक विचारलं नव्हतं. चाक बंद होतं, मालक बाहेर गेले होते. मी पॉलिशवाल्याला म्हणाले, "तो टायफॉइड नव्हता." जे होतं ते सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे वेड लागलं होतं?" "हो, काही दिवस." "आणि आता?" "आता गोळ्या आहेत. हात हलतो तो त्यांच्यामुळे." त्यानं बोटांवरची पांढरी पूड झटकली. "मी त्या दिवशी जे बोललो..." "बोललात," मी म्हणाले. त्यानं चाक सुरू केलं. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर वाळू भरलेली कापडी उशी होती, हाताएवढी, जाड दोऱ्यानं ओबडधोबड शिवलेली. "मनगट टेका यावर," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "कोरीव काम करणारे टेकतात. बायकोनं शिवली, टाके मोजू नका."

मी दंतवैद्याला फोन करून विचारलं, या गृहस्थांना वाद्यासकट इकडे पाठवता का. बावीस वर्षांत मी कधी असं मागितलं नव्हतं. ते आले, ठेंगणे, कुरकुरे, माझ्या मनातल्यासारखे मुळीच नव्हते. "बाई, दात छान आहेत, पण ते माझे नाहीत, कुण्या नटाचे आहेत," म्हणाले. मी नव्यानं मेण रचून त्यावर दात मागे घेतले, त्यांनी तोंडात घालून वाद्य ओठांत धरलं, मान हलवली. पुन्हा काढले, पुन्हा बसवले. वाळूवर मनगट टेकलेलं होतं तरी सुरीचं टोक जरासं हलत होतं. मी ते हलू दिलं आणि दोन हालचालींच्या मध्ये दात लावले. सहाव्या खेपेला एक सूर निघाला, फाटका. "हं," ते म्हणाले, "केसभर अजून आत." सातव्या खेपेला त्यांनी सगळी सरगम वाजवली, वरपासून खालपर्यंत, आणि रडले वगैरे नाहीत. घड्याळ बघितलं आणि विचारलं, "पक्की कधी मिळेल? माझी तालीम आहे."

त्यालाही आता दोन महिने झाले. थरथर बरीच कमी आहे. थकले की येते, तेव्हा मी जाड काम करते, नाजूक काम दुसऱ्या दिवशी. काल तपासणीसाठी रक्त द्यायला जायचं होतं. शाळेला सुट्टी होती, ससा म्हणाली, मी येते. इतक्या वर्षांत ती कधी आली नव्हती. हिरव्या खुर्च्यांच्या रांगेत आम्ही बसलो होतो, माझा नंबर एकतीस, आणि चोवीस चालू होता. ती मोबाइलकडे बघत होती. तशीच बघत म्हणाली, "त्या दिवशी तू परत का नाही आलीस? स्टँडवर." तिनं हे कधी विचारलं नव्हतं, आणि मी तयार करून ठेवलेलं उत्तर होतं, "आजार होता." पण खरं काही वेगळं होतं, ते मी नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. "मी तुला विसरले नव्हते गं," मी म्हणाले. "मला वाटत होतं, तू माझ्याबरोबर आहेस. मी चालत होते आणि तुझ्याशी बोलत होते. तू उत्तरंही देत होतीस. रस्ता ओलांडताना मी तुला गाड्यांपासून आतल्या बाजूला घेत होते. घरी येऊन तुझे बूट काढायला वाकले, तेव्हा कळलं." ससानं मोबाइल मांडीवर पालथा ठेवला. समोरच्या खिडकीतून सव्वीस नंबर पुकारला गेला, एक आजोबा उठले, त्यांची काठी खुर्चीत अडकली, ती ससानंच सोडवून दिली आणि परत येऊन बसली.

"म्हणजे अख्खा वेळ माझ्याशी बोलत होतीस?"

"चार तास."

"काय बोलत होतीस?"

"पुष्कळ. तुझा दुधाचा दात हलत होता ना तेव्हा, त्याच्याबद्दलच जास्त. दात पडतो म्हणजे खाली काय चाललेलं असतं, नवा कसा वर येतो."

"मला ते माहीतच नाही," ती म्हणाली. "मी तर बाकावर होते." ती थोडी माझ्याकडे वळून बसली, पाय खुर्चीवर घेतले. "सांग आता."

मी सांगायला लागले. एकतीस नंबर दोनदा पुकारावा लागला.